बाबांचा खांद्याचा टेंडन फाटलाय, दुर्बिणीतून करावं की ओपन? नागपूरकरांनी कृपया सांगा

महालची_लेक:

नमस्कार मंडळी. इथे खांद्यावरचे जुने धागे वाचले पण बहुतेक फ्रोझन शोल्डरचे आहेत आणि आमची केस वेगळी आहे, म्हणून नवीन टाकते आहे. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

बाबा ६२ वर्षांचे, महालात आमचं किराणा दुकान आहे. जुलैच्या पावसात बडकस चौकाजवळ त्यांची स्कूटर स्लिप झाली आणि ते उजव्या हातावर पडले. एक्स-रेत फ्रॅक्चर नाही निघालं त्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं, गोळ्या झाल्या, शेक झाला, आत्या रोज येऊन तेल लावून गेली, पण हात काही वर जाईना. विचित्र गोष्ट अशी की मी त्यांचा हात धरून वर नेला तर पार डोक्यापर्यंत जातो आणि मी सोडला की धप्पकन खाली. स्वतःहून छातीच्या वर उचलताच येत नाही. दुकानाचं शटर आता शेजारचा मुलगा उघडून देतो, वरच्या फळीवरचे डबे मी काढते, आणि रात्री बाबा अर्धा वेळ पलंगावर बसून असतात कारण त्या कुशीवर वळले की जाग येते.

शेवटी एमआरआय केला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की सुप्रास्पायनेटसचा (खांद्याच्या वरच्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर) फुल थिकनेस टिअर आहे, म्हणजे आरपार फाटलाय, साधारण २.५ सेंमी, थोडं रिट्रॅक्शन (टेंडन आत ओढला गेलाय), फॅटी इन्फिल्ट्रेशन (स्नायूत चरबी) गुटालियर ग्रेड १. हे घेऊन दोन डॉक्टरांकडे गेलो. धंतोलीतले म्हणाले दुर्बिणीतूनच करा, आजकाल ओपन कोण करतं. रामदासपेठेतले सिनियर आहेत, ते म्हणाले मी मिनी-ओपन करतो, चार सेंमीचा चिरा, एवढ्या टिअरला रिझल्ट तोच येतो आणि खर्च कमी. दोघंही शांतपणे समजावून सांगणारे, दोघांबद्दलही ओळखीत चांगलंच ऐकलंय. पण एस्टिमेट एकाचं दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट आहे. पुण्याचा मामा म्हणतो पैशाकडे बघू नका, दुर्बीण म्हणजे लेटेस्ट. काका म्हणतात डोळ्यांनी पाहून शिवलेलं पक्कं असतं. घरात रोज रात्री जेवताना हीच चर्चा आणि बाबा गप्प बसून ऐकतात.

बाबांना शुगर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ८.६ आला. मेडिक्लेम आहे पण फार मोठा नाही. कोणी दोन्हीपैकी काही करून घेतलं असेल किंवा या फिल्डमधलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा. दुखणं कशात कमी, टिकतं कोणतं, आणि दुकानात परत कधी बसता येईल?


मानेवाडा_रिंगरोड:

ताई, मी स्वतः दुर्बिणीतून करून घेतलं आहे, दोन-तीन वर्षं झाली. माझाही सुप्रास्पायनेटसच होता, पण मी पडलो वगैरे नव्हतो, पेंटिंगचे ठेके घेतो तं आयुष्यभर हात वरच. जे अनुभवलं ते सांगून राहिलो, डॉक्टरी मला समजत नाही.

छोटी छोटी चार भोकं होती, पेन जाईल एवढी. टाके दहा-बारा दिवसांत निघाले आणि आज शोधाल तं डागही सापडत नाही. पण एक गोष्ट आधी कोणी नीट सांगत नाही ती ही, की भोकं छोटी आहेत म्हणून दुखणं छोटं नसतं. आत हाडात स्क्रूसारखे अँकर मारतात, हाड घासून रक्ताळतं करतात, ते सगळं ओपनमध्ये होते तसंच होते. मानेत इंजेक्शन देऊन पूर्ण हात बधीर केला होता तं संध्याकाळी मी मस्त चहा पिऊन राहिलो होतो, भेटायला आलेल्यांना म्हणत होतो काही दुखत नाही बाप्पा. मध्यरात्री ते उतरलं आणि मंग समजलं. नर्सताईनं सांगितलं होतं की दुखो न दुखो, झोपायच्या आधी गोळी घ्याच, ती घेतली होती म्हणून निभावलं. बाबांच्या वेळी हे लक्षात ठेवा, दुखायला लागल्यावर गोळी घेऊ नका, बधीरपणा उतरायच्या आधी घ्या.

दुसरं म्हणजे ऑपरेशन झाल्यावर खांदा फुगून टम्म झाला होता, बायको घाबरली. दुर्बिणीत आत सलाईनचं पाणी सोडत राहतात तं ते आजूबाजूला मुरते. एक-दोन दिवसांत उतरलं.

आणि खरा त्रास पट्ट्याचा. माझं झालं एप्रिलमध्ये. नागपूरचा एप्रिल-मे, तो जाड इमोबिलायझर, हात पोटाशी बांधलेला, काखेत घाम, कूलरसमोर बसलं तरी खाज. काखेत मऊ सुती कपड्याची घडी ठेवायची, दिवसातून दोन-तीनदा बदलायची, आणि काख धुवायला हात उचलायचा नाही, पुढं वाकायचं, हात आपोआप लोंबतो, मंग धुवायची. बटणवाले सैल शर्ट काढून ठेवा, टी-शर्ट सगळे कपाटात. झोपताना कोपराखाली उशी पाहिजेच, नाहीतर हात मागं जाते आणि जीव जाते. तुमचं सप्टेंबरात होईल तं उकाडा थोडा कमी, हे बरं आहे.

आता हात कसा आहे म्हणाल तं छान आहे. छताचं काम पोरं करतात, मी भिंतीपर्यंत.


कामठीरोड_वाला:

ऑपरेशनची एवढी घाई काऊन? माझ्या साळ्याला सेम रिपोर्ट आला होता, फुल थिकनेस. फिजिओ करून ठणठणीत आहे, बॅडमिंटन खेळते. आधी तीन-चार महिने व्यायाम करून पाहा, डॉक्टर लोकं एमआरआय पाहिला की चाकू काढतात.


अस्थिरोग_नागपूर:

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, नागपुरातच प्रॅक्टिस करतो, पण नाव-पत्ता इथे देणार नाही कारण पेशंट ओढायला आलेलो नाही. ताईंनी माहिती नीट दिली आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पेशंट तपासलेला नसताना जेवढं बोलता येतं तेवढंच.

आधी कामठीरोडवाल्या भाऊंचं, कारण त्यांचं म्हणणं चुकीचं नाही पण या केसला लागू होत नाही. वयानुसार झिजून फाटलेला टेंडन आणि पडून फाटलेला टेंडन यांत फरक आहे. साठी ओलांडलेल्या कितीतरी लोकांच्या खांद्यात टिअर असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. अमेरिकेत साडेचारशे पेशंटचा एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला, सगळे मार न लागता फाटलेले फुल थिकनेस टिअर. नीट आखलेली फिजिओथेरपी दिली तर दोन वर्षांत चारातल्या एकापेक्षाही कमी लोकांवर ऑपरेशनची वेळ आली. साळेबुवा त्या तीन-चतुर्थांशात आले, आनंदच आहे. पण इथे माणूस पडला, त्याआधी हात चांगला होता आणि पडल्यावर हात उचलणं बंद झालं. असा टिअर आम्ही लवकर शिवायचा विचार करतो, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत, कारण स्नायू रिकामा पडून राहिला की आखडतो, टेंडन आत ओढला जातो आणि स्नायूत चरबी भरत जाते. रिपोर्टमधला तो गुटालियर ग्रेड म्हणजे हीच चरबी, ० ते ४ मोजतात. ग्रेड १ म्हणजे नावाला रेघा आहेत, स्नायू जिवंत आहे. ३-४ झाली की शिवलेलं धरत नाही आणि ती चरबी परतही जात नाही. म्हणजे बाबांची वेळ आत्ता चांगली आहे, ती व्यायामाची वाट पाहण्यात घालवू नये असं माझं स्पष्ट मत.

ताईंनी जे लिहिलंय ना, की तुम्ही नेला तर हात पूर्ण जातो आणि सोडला की पडतो, त्यावरून खांदा आखडलेला नाही हेही कळतं. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्यानं उचलला तरी हात अडतो. शुगरच्या पेशंटमध्ये दोन्ही एकत्र सापडतात, म्हणून हे आधी तपासायचं असतं.

आता मुख्य प्रश्न. खांद्याभोवती चार स्नायूंचे टेंडन मिळून कफ बनतो आणि बाबांचा त्यातला सगळ्यात वरचा हाडावरून सुटला आहे. ऑपरेशन म्हणजे तो ओढून परत हाडावर आणायचा, हाडात अँकर बसवायचे, अँकरच्या दोऱ्यांनी टेंडन हाडाला घट्ट दाबून ठेवायचा. हे काम दुर्बिणीतही हेच आणि ओपनमध्येही हेच. फरक आहे तो तिथपर्यंत पोचायच्या वाटेत.

जुनं ओपन म्हणजे मोठा चिरा आणि वरचा डेल्टॉइड स्नायू हाडापासून सोडवून मग आत जाणं. बॉस्टनच्या कॉडमननी १९११ मध्ये कफ शिवल्याचं पहिल्यांदा छापलं, तेव्हापासून कित्येक दशकं सगळे खांदा उघडूनच काम करत होते. त्यात खरा धोका टेंडनला नव्हता, डेल्टॉइडला होता, तो परत नीट चिकटला नाही तर हात कायमचा कमजोर. मिनी-ओपनमध्ये डेल्टॉइड सोडवत नाहीत, त्याचे धागे लांबीत बाजूला सारतात. तेही मर्यादेत, कारण खांद्याच्या टोकापासून साधारण ५ सेंमी खाली अ‍ॅक्सिलरी नर्व्ह आडवी जाते आणि डेल्टॉइडला तीच चालवते. हात बसलेला सर्जन तिथपर्यंत जातच नाही. त्यामुळे मामा ज्या ओपनला घाबरतात ते ओपन आणि रामदासपेठेतल्या सरांचं मिनी-ओपन एक नव्हे.

दुर्बिणीचे फायदे खरे आहेत. डेल्टॉइडला जवळपास धक्का नाही, इन्फेक्शन कमी, पहिल्या काही आठवड्यांत दुखणं थोडं कमी असू शकतं, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे सांधा आतून सगळ्या बाजूंनी दिसतो, बायसेप्सचा टेंडन, समोरचा सबस्कॅप्युलॅरिस, कूर्चा. चिऱ्यातून समोरचा भाग तेवढा दिसत नाही. पण सहा महिने, वर्ष, दोन वर्षांनी हात कसा आहे हे विचाराल तर फरक उरत नाही. ब्रिटनमध्ये यूकेयूएफएफ नावाची ट्रायल झाली, १९ हॉस्पिटलं, २७३ पेशंट, पन्नाशीच्या पुढचे, कोणाचं दुर्बिणीतून आणि कोणाचं ओपन हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं. ४८ पैकी खांद्याचा स्कोअर देतात, जितका जास्त तितका चांगला. दोन्ही गट पंचवीस-सव्वीसच्या आसपास होते ते दोन वर्षांनी साडेएक्केचाळीसच्या आसपास आले. दोन्ही. परत फाटण्याचं प्रमाण दुर्बिणीत ४६ टक्के, ओपनमध्ये ३९ टक्के, पण हा फरकही संख्याशास्त्राच्या हिशोबात ठरण्याइतका नव्हता.

म्हणून माझा सल्ला, पद्धत निवडू नका, माणूस निवडा. ज्या सर्जनचा ज्या पद्धतीत हात बसलेला आहे त्याच्याकडून त्याच पद्धतीनं करून घ्या. दुर्बिणीतून कफ शिवायला शिकायला खूप वेळ लागतो, आणि जो सर्जन आठवड्याला असे खांदे करतो त्याचं दुर्बिणीतलं काम आणि जो अधूनमधून करतो त्याचं, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दोघांनाही सरळ विचारा की महिन्याला असे किती खांदे करता. चांगला सर्जन या प्रश्नाचा राग धरत नाही.


वर्धा_स्टेशनरोड:

डॉक्टरसाहेबांनी लिहिलंच आहे, मी फक्त आमचं सांगतो. आईचं मिनी-ओपन नागपूरलाच झालं, तेव्हा ती ६६ ची होती. आम्हालाही लोकांनी भंडावलं होतं की अरे चिरा कशाला मारून घेता. चिरा खांद्याच्या बाजूला आहे, ब्लाऊजच्या बाहीखाली झाकून जातो. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज, म्हणजे दुर्बिणीवाल्यांना जेवढं ठेवतात तेवढंच ठेवलं.

आईला पहिला महिना दुखणं बऱ्यापैकी होतं हे खरं. पण तिचा हात आज वरच्या कप्प्यातली पितळी परात काढतो, पोळ्या लाटतो, पापड वाळवायला गच्चीवर दोरी बांधतो. आम्ही ते करू शकलो कारण तिनं फिजिओ एक दिवस चुकवली नाही, वर्ध्यातच घराजवळ एक मॅडम मिळाल्या. महिन्यातून एकदा नागपूरला दाखवायला यायचो, बाकी सगळं गावात. ऑपरेशन कुठं करायचं यावर आम्ही जेवढा विचार केला त्याच्या दुप्पट विचार फिजिओ कोण करणार यावर करावा असं मला वाटतं, कारण ऑपरेशन दोन तासांचं आणि व्यायाम सहा महिन्यांचा.


फिजिओ_प्रतापनगर:

वरच्या दादांना मनापासून धन्यवाद, हे आम्ही सांगितलं की लोकांना वाटतं स्वतःच्या धंद्याचं सांगते.

महालच्या ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर येते, दुकानात परत कधी. टेंडन हाडाला चिकटायला जो वेळ लागतो तो शरीर ठरवतं, वरून भोक होतं की चिरा याचं शरीराला काही घेणंदेणं नाही. दोरे टेंडनला जागेवर धरून ठेवतात एवढंच, जोडणी आतून व्हावी लागते. म्हणून पट्टा साधारण चार ते सहा आठवडे, दोन्ही ऑपरेशनला. पहिले सहा आठवडे म्हणजे ओला स्लॅब समजा, वरून कितीही वाळलेला दिसला तरी त्यावर चालायचं नाही. या काळात हात स्वतःच्या ताकदीनं उचलायचा नाही. बोटं, मनगट, कोपर हलवायचे, वाकून हात लोंबता ठेवून हलके झोके द्यायचे, आणि फिजिओ हात धरून वर नेईल तेवढं, तेही सर्जननी सांगितलेल्या मर्यादेत.

सहा आठवड्यांनंतर स्वतः हात उचलायला सुरुवात. रबर बँड, वजन, ताकदीचे व्यायाम हे तीन महिन्यांच्या आसपास. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. दोन महिन्यांत दुखणं थांबतं, माणसाला वाटतं झालं बरं, आणि दुकानदार माणूस पहिलं काय करतो तर तेलाचा पंधरा किलोचा डबा उचलतो. माझ्याकडे आलेल्यांत परत फाटलेले बहुतेक असेच, पट्टा काढल्यावर आणि ताकद यायच्या आधी. दुर्बिणीवाल्यांना मी उलट जास्त दटावते कारण त्यांना बाहेर जखमच दिसत नाही, त्यामुळे आत काही झालंय हे विसरायला होतं.

म्हणून गल्ल्यावर बसायचं म्हणाल तर दोन-तीन आठवड्यांत, पट्टा लावून, डाव्या हातानं सुट्टे द्यायला आणि मोबाईलवर पेमेंट घ्यायला हरकत नसावी, सर्जनना विचारून. स्कूटर पट्टा असेपर्यंत बंद आणि नंतरही हात ताब्यात आल्यावरच. साखरेचं पोतं, तेलाचे डबे, शटर हे सहा महिने दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या. शटर वर ढकलताना हात डोक्यावर, अंगापासून लांब आणि झटक्यात जोर, म्हणजे जे जे करू नये ते सगळं एकाच हालचालीत. जमलं तर या निमित्तानं दुकानाला मोटरचं शटर बसवून घ्या, हे मी गंभीरपणे सांगते आहे. आणि रोजच्या मालाचे डबे कमरेच्या उंचीवर आणून ठेवा, वरच्या फळीवर सणासुदीचं.


महालची_लेक:

सगळ्यांचे खूप खूप आभार. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते पहिल्यांदाच काही बोलले, म्हणाले त्या डॉक्टरला विचार की अर्ध्या लोकांचं परत फाटतं तर मग करायचं तरी कशाला. मलाही ४६ आणि ३९ टक्के वाचून धस्स झालं सर. आणि शुगरचं काय करू? एकानं सुचवलं की सध्या खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या, झोप तरी लागेल, ऑपरेशनचं दिवाळीनंतर बघू. घ्यावं का? आणि खर्चात दुप्पट फरक का येतो हे पण कोणी सांगा, ऑपरेशन आत सारखंच आहे तर.


बिलिंग_डेस्क:

खर्चाचं मी सांगतो, मी इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये टीपीएचं, म्हणजे मेडिक्लेमच्या मंजुरीचं काम बघतो. फरक सर्जनच्या फीमध्ये फार नसतो, फरक सामानात असतो. दुर्बिणीत टिश्यू साफ करायचं शेव्हर ब्लेड, रक्त थांबवायचा रेडिओफ्रिक्वेन्सी प्रोब, पाण्याच्या पंपाची नळी, भोकात घालायचे कॅन्युला, हे सगळं एका पेशंटला वापरून टाकायचं असतं आणि प्रत्येकाचं वेगळं बिल. त्यावर अँकर, एकेक अँकर हजारोंच्या घरात. मिनी-ओपनमध्ये वरचं बरंचसं सामान लागत नाही आणि अँकरही कधीकधी कमी लागतात.

म्हणून एस्टिमेट घेताना एकूण आकडा घेऊन घरी येऊ नका. अँकर किती धरले, कोणत्या कंपनीचे, मेटलचे की दुसरे, जास्त लागले तर दर काय, हे लिहून मागा. आणि मेडिक्लेमवाल्यांना आधीच ईमेल करून विचारा की कन्झ्युमेबल्स पॉलिसीत धरतात का, कारण कॅशलेस मंजूर होतं आणि डिस्चार्जच्या दिवशी कळतं की शेव्हर, प्रोबचे पैसे खिशातून. रूम रेंटला लिमिट असेल आणि तुम्ही वरची रूम घेतली तर बाकी बिलही त्या प्रमाणात कापतात, हेही बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, हे ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो त्याला रेशनकार्ड, आधार आणि एमआरआय दाखवून विचारा. मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) ऑर्थो ओपीडीतही एकदा दाखवून यायला हरकत नाही, तिथं रांग मोठी असते पण तिसरं मत मिळेल.


अस्थिरोग_नागपूर:

बाबांचा प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि तो पेशंटनं विचारला याचा मला आनंद झाला.

ते टक्के स्कॅनवर मोजलेले आहेत. म्हणजे ऑपरेशननंतर सोनोग्राफी किंवा एमआरआय केला तेव्हा कुठेतरी छेद दिसला असे पेशंट. त्या ट्रायलमध्ये ज्यांचं पूर्ण भरून आलं त्यांचा स्कोअर सगळ्यात चांगला, पण ज्यांच्यात छेद दिसला त्यांचंही दुखणं आणि हात आधीपेक्षा सुधारलेलाच होता. आणि त्यात सगळ्या प्रकारचे टिअर होते, जुने, मोठे, झिजलेले. टिअर जितका मोठा आणि वय जितकं जास्त तितकं परत फाटायचं प्रमाण वाढतं. १ सेंमीच्या आत असेल तर लहान म्हणतात, १ ते ३ मध्यम, ३ ते ५ मोठा, ५ च्या वर मॅसिव्ह. बाबांचा २.५, मध्यम, ताजा, चरबी ग्रेड १. त्यांच्या बाजूनं बऱ्याच गोष्टी आहेत. विरुद्ध बाजूला शुगर आहे, आणि तंबाखू-सिगारेट असेल तर तीही, ती तुम्ही लिहिली नाही म्हणून विचारतो. असेल तर आजच बंद करायला सांगा, टेंडनला आधीच रक्तपुरवठा कमी असतो.

शुगर ८.६ ला मी घाईनं टेबलवर घेणार नाही. इन्फेक्शनची भीती आहेच, शिवाय टेंडन उशिरा भरतो आणि खांदा आखडतो. पण एचबीए१सी हा तीन महिन्यांचा सरासरी आकडा, तो पंधरा दिवसांत खाली येणार नाही आणि आपल्याला तीन महिने थांबायचं नाहीये. फिजिशियनला आजच दाखवा, गरज पडली तर काही आठवडे इन्सुलिनवर घ्या, रोजची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर वहीत लिहा, आणि ती दोन-तीन आठवडे स्थिर राहिली की फिजिशियन, भूलतज्ज्ञ आणि सर्जन मिळून तारीख ठरवतील. सप्टेंबरअखेर जमण्यासारखं आहे. दिवाळीनंतर ढकलू नका.

स्टेरॉइडचं इंजेक्शन या केसमध्ये नको. एक तर शुगर काही दिवस उसळेल, दुसरं म्हणजे शिवायच्या आधीच्या काही आठवड्यांत खांद्यात स्टेरॉइड गेलं तर इन्फेक्शनचा आणि परत ऑपरेशन लागण्याचा धोका वाढतो. झोपेसाठी पाठीमागे उशा रचून अर्धवट बसतं झोपवा, कोपराखाली एक छोटी उशी, आणि रात्रीच्या गोळीचं फिजिशियनला विचारा, किडनीचे रिपोर्ट बघून ते देतील. मनानं पेनकिलर नको.

राहिला प्रश्न दोघांपैकी कोण. बाबांच्या टिअरला दोन्ही रस्ते बरोबर आहेत, कोणीही तुम्हाला फसवत नाहीये. मिनी-ओपनवाल्या सरांना एवढं विचारा की चिरा मारायच्या आधी सांधा दुर्बिणीतून बघून घेणार आहात का. बरेच जण बघतात, आणि पडलेल्या माणसात ते बघावं असं मला वाटतं, कारण समोरचा सबस्कॅप्युलॅरिस किंवा बायसेप्स सोबत दुखावलेला असू शकतो आणि एमआरआयवर तो दर वेळी पकडला जात नाही. दुर्बिणीवाल्या डॉक्टरांना विचारा की आत टेंडनची क्वालिटी खराब निघाली किंवा रक्तामुळे नीट दिसलं नाही तर काय करणार. उत्तर "चिरा देऊन पूर्ण करू" असं यायला हवं. दोघांच्या उत्तरांनंतरही मन समसमान राहिलं तर खर्चाकडे बघून मिनी-ओपन घेण्यात कसलीही कमतरता नाही, ते पैसे फिजिओला आणि दुकानात सहा महिन्यांसाठी एक मदतनीस ठेवायला लागतीलच.

संमतीपत्रावर सही करायच्या आधी ते मराठीत मागून घ्या आणि बाबांना स्वतः वाचू द्या. त्यात कोणता खांदा, कोणती पद्धत, आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून ओपनला जाण्याची परवानगी, या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत ना ते बघा. ऑपरेशनच्या सकाळी सर्जन स्वतः येऊन उजव्या खांद्यावर पेननं खूण करतील, ती बाबा जागे असताना आणि तुमच्यासमोर होऊ द्या.